खोडण्याआधी एकदा वाचा

एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत. पहिलीत हसतखेळत जायचा. आता लिहायला बसला की प्रत्येक शब्दाला मान वर करून विचारतो, "बरोबर आहे ना?" एखादं अक्षर चुकलं तर खोडरबराने इतकं घासतो की कागदाला भोक पडतं. मग रडतो, मग ते पान फाडतो. आई रोज संध्याकाळी गृहपाठ तपासते आणि चुकलेलं खोडून पुन्हा लिहून घेते, "म्हणजे बाईंसमोर वही स्वच्छ जाते." तरी चुका त्याच त्या. 'पस्तीस' म्हटलं की ५३ लिहितो, 'एकोणचाळीस' म्हटलं की ४९. ५२ वजा २७ दिलं की उत्तर ३५. वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांचं म्हणणं, "एकदा चुकला तर समजू शकतो. सांगूनही तेच चुकतो म्हणजे लक्ष नाही. आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून शिकलो." आई त्याला जवळ घेऊन सांगते, "तू माझं हुशार बाळ आहेस, चुका सगळ्यांच्याच होतात." फरक पडत नाही. गेल्या आठवड्यात अंकलेखनाच्या चाचणीत दहापैकी चार मिळाले. वहीवर पालकांची सही हवी होती. मुलाने घरी सांगितलं की वही बाईंनी जमा करून घेतली. दोन दिवसांनी ती आईला तांदळाच्या डब्यामागे सापडली आणि तिने ती होती तिथेच परत ठेवली. आई विचारते: "आत्तापासूनच खोटं बोलायला लागला. वहीचं विचारू की गप्प बसू? आणि मुलांना चुकांमधून शिकायला शिकवावं असं सगळे म्हणतात, ते शिकवायचं तरी कसं?"

प्रिय ताई,

वही हातात आल्यावर तुम्ही त्याला हाक मारून समोर उभं केलं नाहीत, आधी थांबलात, हे फार बरं केलंत. वहीचं काय करायचं ते मी शेवटी सांगते. ती उघडल्यावर आत काय बघायचं हे आधी ठरलं नाही, तर उघडून काही हाती लागणार नाही.

तुम्ही तीन चुका जशाच्या तशा लिहून पाठवल्यात, त्याबद्दल तुमचे आभार मानते. बहुतेक पालक 'गणितात कच्चा आहे' एवढंच लिहितात आणि मग मलाही गोलगोल उत्तर द्यावं लागतं. तुमच्या त्या तीन चुकांत मात्र तुमचा मुलगा स्पष्ट दिसतो.

'पस्तीस' हा शब्द जरा सावकाश म्हणून बघा. आधी 'पस्', म्हणजे पाचाचा आवाज, मग 'तीस'. कानाला आधी पाच ऐकू येतो, म्हणून हात आधी पाच लिहितो, मग तिसातले तीन. झाले ५३. पहिलीत अक्षरं शिकवताना आपणच त्याला सांगितलेलं असतं की जे आधी ऐकू येईल ते आधी लिही. 'कमळ' लिहिताना आधी क, मग म, मग ळ. तो नियम त्याने इमानाने पाळला. आकड्यांच्या नावांत हा नियम उलटा पडतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आपण पाठ करत गेलो आणि कधीतरी जमून गेलं, म्हणून आपल्याला त्यातला पेच दिसत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा हेच समजावून सांगितलं होतं: मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि लिहितो आधी दशक, लहान मुलांना तिथे अडतं. माझं मत विचाराल तर जुनी नावं जायला नकोत, बाजारात आणि घरात ती रोज लागतात. पण पोर कुठे अडतं ते त्या निमित्ताने मोठ्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. ते बाजूलाच राहिलं आणि भांडण भाषेच्या अस्मितेवर गेलं.

'एकोणचाळीस'चं ४९ का होतं? शब्दाच्या शेवटी 'चाळीस' खणखणीत ऐकू येतं, म्हणून चार. आणि 'एकोण' आलं की नऊ लिहायचे, हे त्याच्या लक्षात आलेलं आहे. म्हणजे अर्धं गणित त्याने स्वतःच सोडवलं आहे! राहिलं एवढंच, की एकोण म्हणजे एक उणे. एक उणे चाळीस. चाळिसाला अजून एक कमी आहे, मग चाळिसाच्या घरात कसा शिरणार? हे त्याला आगपेटीच्या काड्यांनी दाखवा. काड्यांची टोकं आधी मोडून घ्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबराने बांधा आणि त्याला एक काडी काढून घ्यायला सांगा. एक गठ्ठा सुटेल, हातात तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या उरतील. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे सगळे मग एका माळेत येतात. नव्व्याण्णव तेवढा या माळेतला नाही, तो आला की 'हा वेगळा' म्हणून सरळ सांगून टाका.

आणि ५२ वजा २७. तो खाली लिहिलेल्या सातातून वरचे दोन वजा करतो, पाच. मग पाचातून दोन, तीन. ३५. 'लहान संख्येतून मोठी जात नाही' हे वाक्य आपण शिक्षक फळ्यापाशी किती वेळा म्हणतो! दोनातून सात जात नाहीत हे पटल्यावर त्याने जे जातं ते केलं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली वजाबाकीच्या अशाच चुका बारकाईने तपासल्या. मुलं वाटेल तशी चुकत नाहीत, मनात धरलेल्या एखाद्या अर्धवट नियमाने चुकतात, आणि तो नियम ओळखला तर पुढचं चुकीचं उत्तरही आधीच सांगता येतं, असं त्यांना दिसलं. तुम्ही उद्याच करून बघा. त्याला ६१ वजा ३८ द्या. उत्तर ३७ आलं तर तो त्याच नियमावर आहे. २३ आलं तर गाडी रुळावर आली आहे. तिसरंच काही आलं तर घाई झाली असेल, किंवा लक्ष दारातल्या मांजरीकडे असेल, तेही चालायचंच.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण तुमच्या यजमानांच्या बोलण्याचं उत्तर यातच आहे. 'सांगूनही तेच चुकतो' असं ते म्हणतात. ताई, त्याला नक्की काय सांगितलं गेलं? 'नीट लिही', 'लक्ष दे', 'परत तेच?' यातलं एकही वाक्य त्याच्या डोक्यातल्या त्या नियमापर्यंत पोहोचत नाही. उत्तर खोडलं जातं, नियम आत तसाच राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच उत्तर येतं. लक्ष नसतं तर तो दर वेळी वेगळं चुकला असता.

त्यांना त्यांच्याच कामातलं विचारा. गॅरेजमध्ये गाडी आली, किक मारली तरी चालू होत नाही. ते गाडीला दोन फटके देतात का? आधी आवाज ऐकतात. प्लग काढून उजेडात धरतात. टोक काळंकुट्ट आहे, ओलं आहे की कोरडं, यावरून पेट्रोल जास्त येतंय की पोहोचतच नाही, हे त्यांना कळतं. काळा प्लग नुसता पुसून परत बसवला तर गाडी चौकापर्यंत जाईल आणि पुन्हा बंद पडेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुमच्या घरी दोष वाचता येणारा माणूस बसलेला आहे. वहीतली चूक ही त्या प्लगसारखी वाचायची, एवढं त्यांना सांगून बघा. मला वाटतं, ते तुमच्यापेक्षा लवकर शिकतील.

छड्यांबद्दलही एवढं सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मारायला आणि मुलाला मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, कायदा २०१० पासून लागू आहे. घरासाठी असं कलम नाही, ते घराने घालून घ्यायचं असतं. त्यांच्या वर्गात छड्या खाऊनही न शिकलेली, शाळाच सोडून गेलेली मुलं होती का, हेही एकदा त्यांना आठवायला सांगा.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचून थोडं वाईट वाटेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून मनापासूनच सांगते. रोज संध्याकाळी तुम्ही त्याच्या चुका खोडून वही स्वच्छ करता. त्यामागची माया मला दिसते. पण बाईंच्या हातात ती वही पडते तेव्हा त्यांना काय दिसतं? सगळं बरोबर. त्या पुढच्या धड्याकडे जातात. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ते याचसाठी की शिक्षकाने रोजच्या कामातून मूल कुठे अडतंय ते टिपावं. पहिली-दुसरीसाठी शंभरातले सत्तर गुण आकारिक मूल्यमापनाला ठेवले होते, वर्षभराच्या अशा कामाला. पण घरून धुऊन-पुसून आलेल्या वहीत टिपायचं काय? चाचणीच्या दिवशी तुम्ही शेजारी नव्हता, चार गुण पडले, आणि बाईही बुचकळ्यात पडल्या असतील की घरी तर हा सगळं बरोबर करतो.

दुसरा परिणाम त्याच्यावर झाला. तुम्ही तोंडाने म्हणता, चुका सगळ्यांच्याच होतात. हाताने मात्र रोज दाखवता, की चुकलेलं कुणाच्या नजरेला पडता कामा नये. सात वर्षांचं मूल बोलण्यापेक्षा हाताकडे बघतं. चुकलेलं पान खोडता आलं नाही, कारण त्यावर बाईंच्या लाल शाईची फुली होती, म्हणून त्याने अख्खी वहीच नजरेआड केली. त्याला खोटं बोलायची सवय लागली असं मला तरी यात दिसत नाही. घाबरलेल्या पोराने जे समोर दिसलं ते केलं.

मी हे तुमच्याहून शहाणी म्हणून सांगत नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली पहिली कितीतरी वर्षं मीही हेच केलं. तिसरीत एक मुलगी होती, 'पानी', 'लोनी', 'कोन' लिहायची. मी तिला 'पाणी' पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. मधल्या सुट्टीत सहज तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने आधी पानभर उभ्या ओळीत खाली खाली नुसता 'पा' लिहून काढला होता, आणि आता वरून सुरुवात करून प्रत्येकापुढे 'णी' जोडत होती. पन्नास वेळा लिहून तिने पाणी हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी निबंधात पुन्हा, 'आमच्या हिरीला पानी लई हाय'. मी चिडले, सगळ्या वर्गासमोर बोलले. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

तिच्या घरी, वस्तीवर, सगळेच 'पानी' म्हणायचे. ण तिच्या कानावर कधी आलाच नव्हता, मग पन्नास काय आणि पाचशे काय. पुढे मला सुचलं तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या घरचं पानी तुझ्या घरी बरोबरच आहे, पुस्तकातलं पाणी कसं म्हणतात ते बघू. जीभ दाताच्या मागे लावून 'नी', मग जीभ मागे वळवून टाळूला लावून 'णी'. दोघी एकमेकींच्या तोंडात बघत बसलो. ती खुदकन हसली. ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सगळ्यांसमोर जे बोलले त्याची माफी मी तिच्याकडे मागितली नाही, ती रुखरुख अजून आहे.

आणि 'हुशार बाळ'? ताई, प्रेमाने काय म्हणायचं ते जरूर म्हणा. पण अभ्यासाच्या वहीशी 'हुशार' हा शब्द जोडू नका. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू कष्ट घेतलेस' म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं त्यानंतर लवकर नाउमेद झाली. आणि दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायचे होते, तेव्हा त्यांच्यातल्याच जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. कुणी बक्षीस देणार नव्हतं, कुणी रागावणार नव्हतं, तरीही. तांदळाच्या डब्याशी याचं नातं तुमच्या लक्षात आलं असेल. पुढच्या वर्षांत या विषयावर पुष्कळ काम झालं आणि नुसते शब्द बदलून फार मोठा फरक पडत नाही असंही दिसलं, म्हणून 'शाब्बास, कष्ट केलेस' हा मंत्र म्हणून जपत बसू नका. त्याने नेमकं काय केलं ते बोलून दाखवा. "एकोण आलं की नऊ, हे तुझं तूच शोधलंस?" एवढं पुरे.

तर करायचं काय? घरासाठी एक कच्ची वही आणा. शंभर पानी, साधी. शाळेची वही स्वच्छ असावी असं बाईंना वाटत असेल तर त्यांच्याशी त्यावरून वाद नको, तीत मुलगा आपलं आपण लिहील आणि जसं होईल तसं जाईल. या कच्च्या वहीत मात्र खोडरबराला जागा नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी पुन्हा. आमच्या लहानपणी पाटी होती, ओल्या फडक्याने पुसली की चूक गेली, भीती नव्हती पण कालचं आज बघायलाही काही उरत नसे. वहीचा तो एक मोठा गुण आहे. पंधरा दिवसांनी मागची पानं उलटून "हे बघ, तेव्हा तू पस्तीस असा लिहायचास" असं म्हणता येतं. मुलांना आपलीच जुनी चूक बघायला फार आवडतं. ती आता त्यांच्याहून लहान झालेली असते.

तपासताना फुली मारू नका आणि लगेच बरोबर उत्तरही सांगू नका. त्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्या आणि म्हणा, "या ओळीत काहीतरी लपलंय, सापडतं का बघ." सापडलं तर त्यालाच दुरुस्त करू द्या. नाही सापडलं तर विचारा, "हे कसं केलंस, मला सांग ना." इथे एक गोष्ट फार जपून करा. हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. नुसता चुकल्यावर विचाराल, तर आठ दिवसांत 'कसं केलंस' याचा अर्थ 'चुकलंस' असा होईल, आणि तो प्रश्न ऐकताच खोडरबर शोधायला लागेल. मी वर्गात हे अनुभवलं आहे. बरोबर उत्तराची वाट सांगता सांगता मुलं कधीकधी स्वतःच थबकतात, कारण उत्तर बरोबर असतं आणि वाट भलतीच. आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

एका वेळी एकाच तऱ्हेची चूक धरा. हा आठवडा पस्तीस-त्रेपन्नचा, तर ऱ्हस्व-दीर्घ दिसलं तरी दिसू द्या. पान भरून ठिपके पडले तर त्या ठिपक्यांचीही फुलीच होते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. खेळून आल्यावर, काहीतरी खाऊन झाल्यावर. ताट वाढलेलं असताना, पाहुणे बसलेले असताना, मावसभावाच्या गुणांची गोष्ट चालू असताना वही नकोच. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर इतर मुलांच्या सुबक वह्यांचे फोटो येतात, ते त्याच्यासमोर उघडू नका. त्यातल्या कितीतरी वह्या तुमच्यासारख्याच एखाद्या आईने संध्याकाळी बसून स्वच्छ केलेल्या असतात.

मूल शोधेपर्यंत थांबणं प्रत्येक ठिकाणी चालत नाही, हेही सांगायला हवं. ण कसा म्हणायचा, नव्व्याण्णव कसा लिहायचा, रस्ता कुठून ओलांडायचा, गॅसजवळ काय करायचं नाही, हे सरळ सांगायचं असतं. कुणी न सांगितलेली गोष्ट त्याने शोधून काढावी म्हणून ताटकळत ठेवणं हाही अन्यायच. ज्या चुकीमागे त्याचा काही विचार आहे, तिथे तो विचार ऐकायचा. जिथे नुसती माहिती नाही, तिथे ती द्यायची.

तुमच्या स्वतःच्या चुका त्याला दिसू द्या, पण त्यासाठी मुद्दाम चुकू नका, मुलांना नाटक लगेच कळतं. खऱ्या चुका घरात कमी होतात का? आमटीत मीठ दोनदा पडलं, तर "अगं बाई, मी घातलं हे विसरूनच गेले, आता थोडं पाणी आणि बटाट्याच्या फोडी घालू, आणि यापुढे मीठ घातलं की डबा लगेच फडताळात ठेवत जाईन" एवढं त्याच्या कानावर पडू द्या. चूक झाली, कशामुळे झाली, आता काय करायचं, पुढच्या वेळी काय करायचं, हे सगळं त्यात आपोआप येतं. यजमानांनीही संध्याकाळी एखादा दिवस सांगावं, आज कुठल्या गाडीचा दोष आधी चुकीचा ओळखला आणि मग कसा सापडला. त्या पोराला अशी गोष्ट वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळणं फार गरजेचं आहे.

बाईंना भेटा. पालकसभेच्या गर्दीत नको, शाळा सुटल्यावर पाच मिनिटं. 'अभ्यास करतो का, मस्ती करतो का' हे विचारू नका, त्यावर ठरलेलं उत्तर येतं. "तो कोणत्या तऱ्हेने चुकतो, तुमच्या काय लक्षात आलं?" असं विचारा आणि तुम्हाला दिसलेल्या तीन चुका त्यांना दाखवा. घरून तपासून पाठवत होते, आता पाठवणार नाही, वहीत चुका दिसतील, हेही आधीच सांगून ठेवा. एका वर्गात तीस-चाळीस मुलं असतील तर प्रत्येकाची चूक अशी वाचायला बाईंना खरंच वेळ नसतो, तुम्ही वाचून नेलीत तर त्यांनाही मदत होते. ज्या शिक्षिका हे सदर वाचतात त्यांना माझी एक विनंती: पस्तीसचं ५३ करणारा तुमच्या वर्गात एकच नसणार. नाव न घेता दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि वर्गालाच विचारा, कुणी ५३ लिहिलं असेल तर त्याने काय विचार केला असेल? मुलं फार सुंदर उत्तरं देतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात आणखी गंमत होते, 'थर्टी फाइव्ह'मध्ये क्रम सरळ आणि घरी येऊन पस्तीस ऐकलं की उलटा, तिथल्या मुलांचा गोंधळ यातूनही येऊ शकतो.

काळजीचं कारण आहे का? तुमच्या पत्रावरून मला तसं दिसत नाही. एखादा आकडा किंवा अक्षर उलटं काढणं या वयात बऱ्याच मुलांचं होतं. तरी एकदा डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं नीट न दिसणारी, नीट ऐकू न येणारी मुलं वर्षानुवर्षं 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खातात. तिसरी-चौथीपर्यंत वाचन अडखळतच राहिलं, अक्षरं ओळखताना रोज नवी झगडाझगडी होत राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना भेटून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. आत्ता त्याची घाई नाही. रडणं आणि पान फाडणं मात्र दोन-तीन महिन्यांत कमी झालं नाही, किंवा शाळेत जायच्या वेळी पोटात दुखायला लागलं, तर त्याआधीच दाखवा.

राहिली वही. गप्प बसायचं आणि त्याने आपणहून आणून द्यायची वाट बघायची, असं मला आधी वाटलं होतं. पण बाईंना सही हवी आहे, रोज शाळेत त्यांच्यासमोर त्याला काहीतरी सांगावं लागत असेल आणि घरी तुमच्यासमोर दुसरं काही. सात वर्षांच्या जिवाला हे ओझं फार आहे. "वही कुठे आहे रे?" असा प्रश्नही नको, तुम्हाला उत्तर माहीत आहे, मग त्याला आणखी एक खोटं बोलायला का लावायचं? आज दुपारी घरात दोघंच असताना सरळ सांगा, "तुझी वही मला तांदळाच्या डब्यामागे दिसली. मी रागावलेली नाही. तू घाबरला होतास ना? घेऊन ये, आपण दोघं बघू." स्वतः उठून आणू नका, त्याला आणू द्या. रडला तर रडू द्या.

वही आली की मांडीवर घ्या. गुणांवर बोट ठेवू नका. पस्तीसपाशी थांबा आणि विचारा, "हे तुला कसं ऐकू आलं रे?" मग काड्या काढा, तीन गठ्ठे आणि पाच सुट्या. त्याने कच्च्या वहीत ३५ लिहिलं की त्या दिवसापुरतं झालं, बाकीच्या पाच चुका उद्या-परवा. आणि लगेच, त्याच्या देखत, दहापैकी चार असलेल्या त्या पानावर तुमची सही करा.